झंस्कारच्या दाजूंना, ठाण्याहून

प्रिय दाजू,

सप्रेम नमस्कार.

देवनागरी तुम्हाला वाचता येते आणि कोलाडला कुंडलिका नदीवर पावसाळे काढल्यामुळे मराठीही बरीच कळते, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितेय. अडेल तिथे कोलाडच्या मित्रांना विचारा. सगळ्यांसमोर लिहिण्याचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या मुलासारखं कॉक्लिअर इम्प्लान्ट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र) असलेल्या मुलांच्या आईवडिलांमध्ये आमच्या झंस्कार नदीवरच्या राफ्टिंगच्या सहलीची बातमी पसरली आणि तेव्हापासून फोन थांबत नाहीत. "कसं नेलंत त्याला? घेतलं कुणी?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं असं ठरवलं. आणि लिहायचंच तर ते तुमच्याच, म्हणजे आम्हाला नदीवर नेणाऱ्या नेपाळी गाईडच्या नावे. (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ.)

आधी नकारांबद्दल, कारण त्याशिवाय आभारांचं वजन कळायचं नाही. झंस्कारचं खूळ चिरंजीवांचंच. वय एकोणीस, त्यामुळे "नको रे" म्हणून काही उपयोग नव्हता. आम्ही एकेका कंपनीला फोन करत गेलो. "मुलाला ऐकू येत नाही, कानावरचं मशीन पाण्यात काढून ठेवावं लागतं," एवढं म्हटलं की पलीकडचा सूर बदलायचा. एका गृहस्थांनी तर सुचवलं, "मॅडम, त्याला नुब्राला न्या, उंटावर बसवा." तुमच्या ऑफिसनेही लगेच हो म्हटलं नव्हतं. "गाईडला विचारून सांगतो," म्हणाले आणि संध्याकाळी तुमचाच व्हिडिओ कॉल आला. माझ्याशी जेमतेम बोललात आणि म्हणालात, "दिदी, फोन उसको दीजिए."

त्याच्याशी बोलताना तुम्ही आवाज चढवला नाहीत. ओठ दिसतील असं तोंड कॅमेऱ्यासमोर ठेवलंत. पोहता येतं का? डोकं पाण्याखाली गेलं तर घाबरतोस का? इम्प्लान्ट कुठल्या बाजूला आहे? बस्स. ऐकू किती येतं, हे विचारलंच नाहीत. शेजारी बसून मी ते ऐकत होते आणि पैसे भरायचं तिथेच ठरवून टाकलं. आमच्या ह्यांना नंतर सांगितलं.

लेहला दम खात घालवलेले दिवस, कारगिल, मग रंगदुमकडे जाणारा तो हाडं खिळखिळी करणारा रस्ता, साधारण ४,४०० मीटरवरची पेन्सी ला खिंड आणि तिथून दिसणारी द्रांग-द्रुंग हिमनदी, हे सगळं फोटोत आहे. लडाखला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी घरात असे फोटो असतात, म्हणून इथे सोडून देते. पेन्सी लाच्या बाजूने येणारी स्तोद आणि दुसरीकडून येणारी लुंगनाक पदुमजवळ एकत्र येऊन झंस्कार होतात. ती तिथून उत्तरेला वळते आणि डोंगर चिरत निम्मूला सिंधूला मिळते. नदीनदीने सुमारे दीडशे किलोमीटर.

काठावरचा पहिला तास मला अजून दिसतो तो हेल्मेटमुळे. बाकीच्यांना तुमच्या मुलांनी हेल्मेटं वाटली. ह्याचं तुम्ही हातात घेऊन आतून चाचपलंत. इम्प्लान्ट उजव्या कानामागे, आणि हेल्मेटच्या आतल्या फोमची जाड पट्टी नेमकी तिथेच दाबत होती. तुम्ही ती पट्टी उचकटलीत, चाकूने अर्धी कापलीत, कापलेला तुकडा वरच्या बाजूला चिकटवलात, मग हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवून दोन्ही हातांनी हलवून पाहिलंत. परत काढलंत. आणखी जरासा फोम तासलात. ऑडिओलॉजिस्टने आम्हाला "हेल्मेट चांगलं बघून घ्या" एवढंच सांगितलं होतं. चांगलं म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं. मशीन त्याने आपल्या हाताने वॉटरप्रूफ डब्यात ठेवलं, तुम्ही ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात आणि डबा सामानाच्या राफ्टमध्ये न देता आपल्याच राफ्टला बांधलात.

मग हुकुमांचा सराव. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, होल्ड ऑन, गेट डाउन. सगळे जोरजोरात म्हणत होते. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "आगे जाके मेरी आवाज किसी को नहीं आएगी." आणि खुणा शिकवायला घेतल्यात. वल्हं उभं धरलं म्हणजे या. आडवं धरलं म्हणजे थांबा. हात दाखवेल तिकडेच जायचं. गाईड धोक्याकडे बोट कधी दाखवत नाही, नेहमी सुटकेच्या वाटेकडे दाखवतो. डोक्यावर तळवा ठेवला म्हणजे मी ठीक आहे. इतक्या वर्षांत आमच्या मुलासाठी लोकांनी खुणा शोधून काढल्या, त्यात दया तरी असायची, नाहीतर कंटाळा. इथे अख्खा धंदाच खुणांवर चालतो. मुलासाठी वेगळं काही करावंच लागलं नाही. तो खूश, आणि पुण्याहून आलेले ते आयटीवाले खुणा पाठ करताना गडबडलेले.

पहिल्या टप्प्यात त्याला तुम्ही मागे, आपल्या पायाशी बसवलंत. पायाने डाव्या खांद्यापाशी एकदा टोचलं की पुढे, दोनदा टोचलं की थांब. प्रवाह तिथे तसा रुंद होता, लाटा किरकोळ. मध्येच त्याने राफ्टच्या तळावर हात टेकला आणि मला खुणेने विचारलं, हे थरथरतंय काय? मला तिथे आवाज येत होता, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, एकसारखा चर्रर्र. तुम्ही ओंजळीत नदीचं पाणी घेऊन त्याच्यासमोर धरलंत, थोड्या वेळाने तळहातावर राखाडी गाळ उरला. हिमनद्या खडक दळून जे पीठ करतात ते पाण्यातून वाहत असतं आणि राफ्टच्या तळाला घासत जातं. त्याला ते हाताला कळलं, मला कानाला. दिवसभर तो अधूनमधून हात टेकून बघत होता.

झांगला गाव मागे पडलं तेव्हा तुम्ही तिथल्या राजवाड्याकडे हात केलात. चोमा द केरेश हा हंगेरियन माणूस १८२३-२४च्या सुमारास तिथे राहून तिबेटी शिकला आणि पुढे १८३४ साली त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापून आला. आमच्या ह्यांनी लगेच "थंडीत?" असं विचारलं. त्यांचे सगळे प्रश्न थंडीचेच होते, ते तुम्ही सोसलेत, त्याचेही आभार.

मुक्कामाला पोचलो की तंबूच्या आधी तुम्ही पाण्याच्या कडेला एक काठी रोवायचात. कोरडी रेती आणि ओली रेती यांच्या बरोबर सीमेवर. जेवायच्या आधी बॅटरी घेऊन बघायचात, झोपायच्या आधी परत. एकदा काठी वीतभर पाण्यात गेलेली दिसली आणि तुम्ही सगळ्यांना उठवून राफ्ट आणखी वर ओढायला लावल्यात. कुरकुर झाली. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी इथे सगळ्यांना सांगते: "कोलाड की नदी बटन से चलती है, ये सूरज से चलती है." भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं तेव्हा कुंडलिकेवर राफ्टिंग होतं, हे आम्ही ठाणेकर जाणतोच. झंस्कारला दुपारच्या उन्हात वितळलेला बर्फ रात्री मुक्कामाच्या दाराशी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही निघायला उशीर केलात. पाणी ओसरल्याशिवाय पुढच्या घळईत शिरायचं नाही, म्हणालात. एकाने विमानाच्या तिकिटाचा विषय काढला. तुम्ही त्याला चहा दिलात.

त्या घळईचं वर्णन करायला मी कमी पडेन. टूरवाले तिला आशियाची ग्रँड कॅन्यन म्हणतात. अशा उपाध्यांची मला चीड आहे, कारण कुठल्याही दरीला हे नाव देऊन पॅकेज विकता येतं. जांभळे, हिरवट, गंजके असे खडकांचे थर, कुठे उभे, कुठे घडी घातलेले, आणि मध्ये नदी इतकी आवळलेली की वर आकाशाची पट्टी तेवढी उरते. हिवाळ्यात हीच नदी गोठते आणि लोक बर्फावरून चालत लेहला जातात, तीच चादर. आता निम्मू-पदुम-दारचा रस्ता झाला आहे, २९८ किलोमीटरचा, मार्च २०२४ मध्ये सीमा सडक संघटनेने तो जोडून टाकला. बऱ्याच ठिकाणी काठाने मातीचे ढीग, कापलेले कडे, डोझर दिसत होते. आयटीवाल्यांना वाईट वाटलं, "वाइल्डनेस गेलं" वगैरे. मलाही फोटोत डोझर नको होता, खोटं कशाला बोलू. पण ज्या गावातून आजारी माणसाला गोठलेल्या नदीवरून न्यावं लागत होतं, त्या गावच्या बाईला जाऊन मी काय सांगू, की माझ्या सुट्टीसाठी रस्ता नको? तुमच्या धंद्याला त्या रस्त्याने फटका बसेल, हे तुम्हीच सांगितलंत आणि वर म्हणालात, बनायलाच हवा होता.

न्येराकच्या मुक्कामानंतर तुम्ही त्याला पुढे बसवलंत. राफ्टमध्ये पुढच्या दोघांच्या वल्ह्यांवर मागच्यांचा ताल चालतो. पुढचा चुकला की सगळ्यांची वल्ही एकमेकांवर आपटतात. माझा जीव खालीवर. मागून तुमचा आवाज त्याला येणार नाही, पाठ तुमच्याकडे, पाय पोचणार नाही. तुम्ही फक्त पुढे बोट दाखवलंत. आपल्या पुढे कायाकमध्ये, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीत, तुमच्या टीममधला जो मुलगा होता, तो प्रत्येक खळाळाच्या खाली जाऊन, काठालगत उलट्या फिरणाऱ्या संथ पाण्यात थांबून, वळून उभं-आडवं वल्हं धरायचा. चिरंजीवांची नजर त्याच्यावर खिळलेली. शेजारच्या जागेवर तुम्ही पुण्याचा सर्वांत शिस्तीचा माणूस बसवला होतात, तोही आमच्या मुलाकडे बघून वल्हवायला लागला. मागे आम्ही सगळे त्या दोघांच्या पाठींकडे बघत.

पडले ती मी. घळ जिथे आवळते तिथून थोडं पुढे, एका लाटेने राफ्ट उभी केली आणि माझा पाय खाचेतून सुटला. लोक विचारतात, काय वाटलं? थंडी वाटली, एवढी की ओरडायला छातीत हवाच नव्हती. आणि कानांत नुसतं पाणी. तुम्ही ओरडत होता असं हे नंतर म्हणाले, शिट्टीही वाजवत होता. मला त्यातलं काहीही आलं नाही. उताणी झाले, पाय पुढे केले, कारण काठावर तुम्ही तेच घोटून घेतलं होतं: प्रवाहात उभं राहायचं नाही, पाय दगडात अडकला की नदी माणसाला वाकवते. मान वळवली तर तुमचा हात दिसला, डावीकडे ताणलेला. डावीकडे हात मारत सुटले. मग दोरीची पिशवी अंगावर आली, आणि पुढचं म्हणजे लाइफ जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून मला कुणीतरी पोत्यागत आत ओढलं. मी ओली, थरथरत, आणि पहिली गोष्ट केली ती डोक्यावर तळवा ठेवला. पुढच्या बाकावरून चिरंजीव बघत होते. त्यांनीही तळवा ठेवला आणि परत कायाककडे तोंड फिरवलं. काठावर काळा चहा प्यायला मिळाला, साखरेचा पाक म्हणावा असा.

चिलिंगला मारखा नदी येऊन मिळते तिथे तुम्ही जरा सैलावलात. गावातल्या तांबटांची गोष्ट सांगितलीत. लेहजवळच्या शे गावातल्या मोठ्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून कारागीर आणले, ते मग इथेच राहिले, असं ते मानतात. "हमारे लोग," म्हणालात. तुमचं घर नेपाळात त्रिशुली नदीकाठी, ऋषिकेशची गंगा पावसाळ्यात बंद, म्हणून पावसाळ्यात कधी कोलाड, कधी झंस्कार. लेकीला वर्षातून किती दिवस बघता हे मी विचारलं नाही, कारण उत्तर तुमच्या तोंडावर होतं.

आता फोन करणाऱ्या मैत्रिणींसाठी. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण उद्या तिथे दुसरा गाईड असेल तर काय, याची हमी माझ्याकडे नाही. कंपनीला एवढं विचारा: पुढे सेफ्टी कायाक असतो का, आणि गाईड आधी मुलाशी स्वतः बोलेल का. दुसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस गडबडला तर फोन ठेवा. हेल्मेट लेहमध्येच डोक्यावर घालून बघा, नदीकाठापर्यंत थांबू नका. मशीनच्या बॅटऱ्या रात्री झोपायच्या पिशवीत घ्या, थंडीत उतरतात. आणि मूल एकोणीस वर्षांचं असेल तर त्याच्या शेजारी बसू नका.

दाजू, चिरंजीव या पावसाळ्यात कोलाडला येणार म्हणताहेत, कायाक शिकायला. तुम्ही असाल तर तुमच्याकडेच, नसाल तर कुणाकडे पाठवू ते कळवा. फीचे पैसे आधी सांगायचे, मागच्यासारखं "देखेंगे दिदी" चालणार नाही. मुक्कामावर तुम्हाला आवडल्या होत्या त्या भाजणीच्या चकल्यांचा डबा कुरिअरने निघाला आहे, त्यातल्या निम्म्या कायाकवाल्या मुलाच्या आहेत, त्याला मिळाल्या का ते मी विचारणार आहे.

तुमची,
ठाण्याची दिदी

ता. क. कापलेल्या फोमचं हेल्मेट दुसऱ्या कुणाला देऊ नका असं त्याने सांगायला लावलंय.