तेलाच्या तारणावर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "ज्यांच्या पायाखाली तेल आहे, त्यांच्यावर कर्ज काढायची पाळी येतेच कशी रे?" मी थातूरमातूर काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण जन्मभर बँकेत कर्जाच्या फायली उपसलेल्या माणसाला असा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी कबुली देतो. मलाही वाटायचं की तेलाचे भाव पडतात, उत्पन्न आटतं आणि मग हे देश हात पसरतात. तारखा लावून पाहिल्या तर बऱ्याचदा उलटंच निघतं. कर्ज वाढतं ते भाव चढे असताना. भाव उतरले की ते नुसतं उघडं पडतं. आमच्याकडची बुडीत खाती तरी वेगळी कुठे होती? कर्ज मंजूर झालं त्या वर्षी धंदा कसा धो धो चालायचा, आठव.

मेक्सिकोचं बघ. कांतारेल नावाच्या कोळ्याला समुद्रावर तेलाचा तवंग दिसला, त्याने सरकारी तेल कंपनीला कळवलं आणि १९७६ साली तिथे जे अवाढव्य तेलक्षेत्र लागलं त्याला त्याचंच नाव पडलं. तोवर तेलाचा भाव १९७३ च्या पिंपामागे तीनेक डॉलरवरून चौपट झाला होता, १९८० पर्यंत तो तीस डॉलरच्याही वर गेला. आखाती देशांचा पैसा पाश्चात्त्य बँकांत येऊन साचत होता. साचलेला पैसा बँकेला खुपतो, तो कुणाला तरी द्यावाच लागतो. तेलवाल्या मेक्सिकोपेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? बँकवाले दारात रांग लावून उभे. कर्जं डॉलरमध्ये आणि बहुतेक बदलत्या व्याजदराची.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई मोडायला व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेले, तेव्हा मेक्सिकोचा हप्ता त्याने काही न करता फुगला. फेब्रुवारी १९८२ मध्ये अध्यक्ष लोपेस पोर्तियो म्हणाले, पेसोचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, मी कुत्र्यासारखं रक्षण करीन. काही दिवसांतच पेसोचं अवमूल्यन झालं आणि लोक त्यांना पाहून भुंकायला लागले! ऑगस्टमध्ये अर्थमंत्री सिल्वा एर्सोग वॉशिंग्टनला गेले आणि पैसे संपल्याचं सांगून आले. डोक्यावर सुमारे ८० अब्ज डॉलरचं कर्ज. गंमत अशी की तेव्हा तेल १९७३ च्या जवळजवळ दहापट भावाने विकलं जात होतं. भाव नरमले होते, खरे कोसळले ते १९८६ मध्ये.

मग पैसा गेला कुठे? थोडा पाइपलाइनी आणि कारखान्यांत गेला. पण एक वाट मला फार बोचते. तेलामुळे पेसो कृत्रिमरीत्या महाग राहिला होता आणि तो तसाच टिकवायला सरकार डॉलर उसने आणत होतं. तो पडणार हे ओळखून पैसेवाल्यांनी तेच स्वस्त डॉलर विकत घेतले आणि सीमेपलीकडे ठेवले. म्हणजे देशाच्या नावावर कर्ज आणि देशातल्या काही लोकांच्या नावावर ठेव, कधी कधी तर एकाच बँकेत. फेडणारे कोण, हे तुला सांगायला नको.

आता नायजेरिया. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण "एवढं तेल असून" हा तुझा सूर तिथे बसत नाही. चांगल्या वर्षी दिवसाला २० लाख पिंपं तेल आणि माणसं २० कोटींच्या वर. म्हणजे शंभर जणांत रोज एक पिंप. कुवेतमध्ये साधारण दोन माणसांमागे एक पिंप पडतं, त्यामुळे त्याने १९५३ पासून पैसा बाजूला टाकला याचं कौतुक करताना हातचा राखून करावं. नायजेरिया श्रीमंत झाला नाही, त्याची पत तेवढी वाढली. आपण दोन्ही एकच समजतो.

आणि तेलाने बाकीची कमाई झाकोळली. कानो शहरात निर्यातीच्या शेंगदाण्यांच्या गोण्या रचून उंचच उंच पिरॅमिड उभे करत. तेल आल्यावर चलन महाग झालं, त्यामुळे शेतमाल बाहेर विकणं परवडेना, शेतीकडे कुणी बघेना आणि ते पिरॅमिड नाहीसे झाले. उलट आयात एवढी की १९७५ मध्ये लागोसच्या बंदरात शेकडो जहाजं खोळंबली होती, बहुतेक सिमेंटची. सरकारने जवळपास दोन कोटी टन सिमेंट मागवून ठेवलं होतं. बंदराला ते वर्षानुवर्षं उतरवता आलं नसतं. जहाज उभं राहिलं की त्याचा रोजचा भुर्दंड वेगळाच. तेल आहे म्हटल्यावर लोकांकडून कर वसूल करायची सवयही मोडते, मग भाव पडल्यावर तिजोरीत दुसरीकडून यायला काही उरत नाही. कच्चं तेल विकायचं आणि पेट्रोल बाहेरून आणायचं, हेही तिथे वर्षानुवर्षं चाललं.

वाढलेल्या पतीवर काढलेल्या कर्जांचे हप्ते थकले, थकबाकीवर व्याज, व्याजावर दंड. जुनं थकलेलं कर्ज नव्या कर्जात फिरवायचं, आपण ज्याला नवं-जुनं करणं म्हणायचो, तेच देशाच्या पातळीवर. २००५ मध्ये सावकार देशांच्या पॅरिस क्लबचं ३० अब्ज डॉलर देणं होतं आणि त्यात मुद्दलापेक्षा या चढलेल्या रकमाच डोईजड झाल्या होत्या. अर्थमंत्री एन्गोझी ओकोंजो-इवेआला यांनी तडजोड केली: १८ अब्ज माफ, १२ अब्ज रोख. रोख देता आली कारण भाव चढत असताना जास्तीचा पैसा त्यांनी बाजूला ठेवायला लावला होता. असा खातेदार मला नोकरीत विरळाच भेटला. पुढे देशाने पुन्हा रोखे काढले, तो भाग सोड.

चाडचा प्रकार सगळ्यांत नागडा. तेल २००३ मध्ये वाहू लागलं, हजारेक किलोमीटरच्या नळातून कॅमेरूनच्या किनाऱ्यापर्यंत. जागतिक बँकेच्या आग्रहावरून पुढच्या पिढ्यांसाठी निधी ठेवायचा कायदाही केला होता, तो २००६ मध्ये मोडीत काढला. मग २०१४ मध्ये शेवरॉन या अमेरिकी तेल कंपनीचा तेलक्षेत्रातला वाटा विकत घ्यायला ग्लेनकोर या व्यापारी कंपनीकडून अब्जाहून जास्त डॉलर घेतले. फेड तेलातूनच. ही सरळ सरळ उचल! उचलीचा हिशोब तुला माहीत आहे: माल निघायच्या आधीच तो दुसऱ्याचा झालेला असतो. त्या वर्षीच्या मध्याला तेल शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली. तेवढंच देणं फेडायला आता दुप्पट तेल. २०१५, २०१८ आणि २०२२, असे तीनदा हप्ते बदलून घ्यावे लागले. मी ते कर्ज मंजूर केलं असतं का? शंभरचा भाव धरून, त्या वेळच्या वातावरणात... केलं असतं बहुधा. बँकेत भाव पडेल म्हणणाऱ्याला त्या दिवसांत कुणी विचारत नाही.

घानाने तर तेल निघायची वाटही पाहिली नाही. २००७ मध्ये समुद्रात साठा सापडला, त्याच वर्षी ७५ कोटी डॉलरचे रोखे विकले. पहिलं तेल आलं डिसेंबर २०१० मध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये परकीय कर्जाचे बहुतेक हप्ते थांबवले.

व्हेनेझुएलाबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. तिथे तू निर्बंधांचा मुद्दा काढणार, मी चीनकडून तेलावर घेतलेल्या कर्जांचा काढणार आणि आपली नेहमीसारखी जुंपणार. त्याला वेगळं पत्र लागेल, आणि सुरुवात या वेळी तू कर.

तुझा,
विनायक