पॅरिश म्हणजे गाव नव्हे

संपादक महोदय,

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडवरच्या मराठी लेखांत आणि अनुवादांत 'पॅरिश'चे (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाचे) सरसकट 'गाव' होते, ते खटकते. वसईकडचा 'धर्मग्राम' हा शब्द चर्चपुरता चपखल आहे. पण त्या पॅरिशला गरीबपट्टी, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा स्थानिक कर, गोळा करण्याचेही काम होते. आपल्या महसुली गावाला वाड्या असतात, तशी तिथे चर्चच्या मुख्य गावाभोवती हॅम्लेटे विखुरलेली. ऑक्सफर्डशरमधल्या जुनिपर हिलला ना चर्च ना शाळा. दोन्हींसाठी दीड मैल चालत कॉटिसफर्डला जायचे.

म्हणून वाडीच्या नावाची नोंदवही शोधली तर बहुधा हाती काही लागत नाही. मुख्य चर्चची बाप्तिस्मा-नोंदवही उघडावी. १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात राहण्याच्या ठिकाणाचा रकाना आहे. वाडी सापडली तर तिथेच. जनगणनेतही घोळ होतो. १८४१ मध्ये जन्म त्याच काउंटीतला का, एवढेच विचारले. १८५१ पासून पॅरिश विचारली. मग तोच माणूस एकदा वाडी सांगतो, दहा वर्षांनी पॅरिश, आणि वाचणाऱ्याला ती दोन माणसे वाटतात.

उत्तरेकडे पॅरिशी अवाढव्य. हॅलिफॅक्ससारख्या पॅरिशीत अनेक टाउनशिप, म्हणजे पोटविभाग, होत्या आणि गरीबपट्टी टाउनशिपवार वसूल होई. १८६६ च्या कायद्याने स्वतंत्र पट्टी असलेले प्रत्येक ठिकाण मुलकी पॅरिश ठरले, चर्चची पॅरिश मात्र होती तशीच राहिली. पुढे १८७६ आणि १८८२ च्या कायद्यांनी दुसऱ्या पॅरिशीत अडकलेले सुटे तुकडे शेजाऱ्यांना जोडले. तेव्हा १८७१ आणि १८९१ चे आकडे शेजारी ठेवून 'निम्मे गाव शहरात गेले' असे लिहिण्याआधी हद्द तीच होती का, ते पाहावे. पुष्कळदा माणसे हललेली नसतात, रेघ हललेली असते.

माणसे हलवलीही जात, पण त्याचे कारण वेगळे. १८३४ नंतर गरिबांच्या मदतीसाठी अनेक पॅरिशी मिळून एकेक युनियन झाले, तरी आपापल्या गरिबांचा खर्च ज्याच्या त्याच्या पॅरिशकडेच राहिला. सगळी जमीन एकाच मालकाची असली की तो मजुरांच्या झोपड्या पाडी, नव्या बांधू देत नसे. मजूर शेजारच्या 'खुल्या', म्हणजे अनेक मालकांच्या, गावात दाटीने राहत आणि रोज मैलोन्‌मैल चालत कामावर येत. १८६५ मध्ये तो खर्च सबंध युनियनवर गेला आणि झोपड्या पाडण्यातला फायदा संपला. एखाद्या गावाची टापटीप वाखाणताना अनुवादकाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

१८३६ च्या कायद्यानंतरचे टाइद-नकाशे (टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणि त्यांच्यासोबतच्या याद्या तर आपल्या सातबारा वाचणाऱ्याला सोपेच जावेत: प्लॉटचा क्रमांक, मालक, कसणारा, शेताचे नाव, पीक की कुरण, क्षेत्र. क्षेत्राचे तीन रकाने म्हणजे एकर, रूड, पर्च. एकराचे ४ रूड, रुडाचे ४० पर्च. म्हणजे १ रूड बरोबर १० गुंठे. दशांश समजून ते वाचले की हिशेब चुकतो: २-३-० म्हणजे पावणेतीन एकर, २.३ नव्हे.

– एक अनुवादक, पुणे