सांदणातल्या अनोळखी मंडळींचे आभार

एप्रिलमध्ये नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला (४१३० मीटर) जायचंय, म्हणून सरावाला परवाच्या रविवारी भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून सांदण दरीत उतरलो. बेत साधा: पहिल्या रॅपलिंगच्या (दोराने कडा उतरायच्या) टप्प्यापर्यंत जायचं, आल्या वाटेने परत. पाठीवर मुद्दाम आठ किलो वजन. कपाटात चार वर्षं पडलेले बूट घालायची अवदसा कुठून आठवली कोण जाणे!

पहिलं पाणी कंबरेपर्यंत, गारठवणारं. ते निभावलं. परतताना मात्र एका हलत्या धोंड्यावर पाय मुरगळला आणि उजव्या बुटाचा तळ मगरीसारखा जबडा उघडून बसला. मागून आलेल्या ग्रुपमधल्या ताईंनी काही न विचारता क्रेप बँडेज बांधलं. त्यांच्यातल्या एका दादाने स्वतःच्या सॅकची दोरी काढून बूट असा आवळला, की तो थेट गाडीपर्यंत टिकला. साम्रदच्या मामांनी माझी सॅक खांद्यावर टाकली. "धोंडा आधी हाताने हलवून बघायचा, मग पाय टाकायचा," एवढंच बोलले. पैसे काही घेईनात. वर मावशींनी चुलीशी बसवून पिठलं-भाकरी वाढली.

त्या गडबडीत कुणाचंच नाव विचारायचं सुचलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, बँडेज धुऊन ठेवलंय. घोट्याची सूज उतरलीय. बूट कचऱ्यात गेले.