खरडा, चटणी आणि आईचे गुडघे

ती. बाबा आणि आई यांना,
सा. न.

बाबा, तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेला ‘रोज मिरची खा, हार्ट अटॅक टाळा’ हा मेसेज वाचला. त्याखाली आईसाठी टाकलेले हात जोडलेले इमोजीही पाहिले. मग आईचा फोन आला. तुम्ही दुपारी पुन्हा हिरव्या मिरचीचा खरडा आणि भाकरी खाल्लीत आणि वर मेसेज पुरावा म्हणून दाखवलात, हेही कळलं. फोनवर तुमच्यापैकी एक बोलत असताना दुसरं मागून दुरुस्त्या सुचवत राहतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. दोघांनी मिळून वाचा. मोठ्यानं आईनं वाचावं. बाबा सोयीचं तेवढंच वाचतील.

आधी बाबांच्या बाजूचं. मेसेज अगदीच हवेतला नाही. चीनमध्ये सुमारे पाच लाख लोकांच्या खाण्यापिण्याची माहिती २००४ ते २००८ या काळात नोंदवली आणि पुढे सातेक वर्षं त्यांच्या तब्येतीचा माग ठेवला. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. आठवड्यातले सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, क्वचितच तिखट खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी दिसला. इटलीत मोलिसे भागातल्या बावीस हजारांवर लोकांचाही असाच अभ्यास झाला. तिथे आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा मिरची खाणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी आढळले. हे २०१९ मधलं. तुमचा मेसेज बहुधा तिथूनच निघाला असावा आणि वाटेत प्रत्येकानं त्याला आपापली फोडणी घातली असावी.

आता नीट ऐका. या अभ्यासांत कुणालाही ‘तुम्ही उद्यापासून मिरची खा’ असं सांगितलेलं नव्हतं. लोक जे खात होते ते लिहून घेतलं, एवढंच. तिखट खाणारे जास्त जगले हे खरं, पण तिखटामुळेच जगले हे त्यावरून ठरत नाही. घरातलंच बघा. माणसाची तब्येत जरा बिघडली की पथ्यात पहिल्यांदा काय बंद होतं? तिखट. आईनं बंद केलं, आत्यानं बंद केलं, मामांनी तर डॉक्टरांनी सांगायच्या आधीच केलं. म्हणजे तिखट न खाणाऱ्यांच्या घोळक्यात आधीपासूनच दुखणेकरी जास्त सापडणार. चीनमधल्या संशोधकांनी कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघाताचे रुग्ण आधीच बाजूला काढले होते, तरी बारीकसारीक दुखणी उरतातच. खरी कसोटी लावायची तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना मिरची द्यायची, निम्म्यांना नाही, आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. हृदयविकाराच्या बाबतीत तशी कसोटी झालेली नाही. तेव्हा बाबा, मिरचीनं तुमचं हृदय बिघडतंय असा कुणाचा दावा नाही; पण ती तुमची बीपीची गोळी आहे असंही समजू नका.

चीनमधल्याच साडेचार हजारांवर प्रौढांच्या दुसऱ्या अभ्यासात, रोज ५० ग्रॅमपेक्षा जास्त मिरची खाणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त घसरलेली दिसली. तोही नुसता निरीक्षणाचाच अभ्यास, म्हणून त्याचाही मी बाऊ करणार नाही. पण एक मेसेज मानायचा आणि दुसरा नाही, असं चालणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता आई. तू मिरची पार सोडलीस, स्वतःसाठी वेगळी फिकी आमटी करतेस, तरी पोटातली जळजळ गेली नाही. मिरचीनं पोटात अल्सर होतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरच्या रुग्णांच्या जठरातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा मार्शलनी तो जिवाणू स्वतःच पिऊन दाखवला आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे तो जिवाणू आणि दुखण्यावरच्या गोळ्या. मिरची त्या यादीत नाही.

दुखण्यावरच्या गोळ्या म्हटल्यावर तू माझ्याकडे बघणार नाहीस, मला माहीत आहे. गुडघ्यासाठी तू मेडिकलमधून आणतेस ती पिवळट पाकिटातली गोळी, बाबांच्या भाषेत ‘तिची ती’, मागच्या खेपेला मी मुद्दाम हातात घेऊन वाचली. त्यात डायक्लोफिनॅक आहे. ही गोळी वेदना कमी करते, तसं जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षणही कमी करते. उपाशीपोटी, रोज आणि वर्षानुवर्षं घेतली तर वय झालेल्या माणसाला पोटातून रक्तस्राव होईपर्यंत वेळ येऊ शकते. बीपी वाढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, तो वेगळाच. म्हणजे गुन्हेगार गोळी, आणि शिक्षा भोगतेय तुझी आमटी. ती गोळी घरात असताना तू मिरची सोडून काही साधणार नाही. कधी शौचाला काळी झाली, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, त्याच घटकेला दवाखान्यात जायचं.

तुझ्या जळजळीत मिरचीचा काहीच हात नाही असंही नाही. अन्ननलिकेत आम्ल वर येत असेल तर तिखटानं आग वाढते, रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं तर आणखीच. तुमचं जेवण मालिका संपल्यावर होतं. ते मालिकेच्या आधी झालं तर निम्मं काम होईल. जेवल्यावर पोट फुगणं, जड वाटणं या अपचनाच्या तक्रारीवर इटलीतल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये उलटाच प्रयोग केला. रुग्णांना पाच आठवडे रोज अडीच ग्रॅम लाल मिरचीची पूड कॅप्सूलमध्ये भरून दिली. सुरुवातीला त्रास झाला, पण पुढे खोट्या कॅप्सूलवाल्यांपेक्षा त्यांना बरं वाटलं. रुग्ण फक्त तीस होते, म्हणून तू कॅप्सूल शोधायला निघू नकोस. मी सांगतेय ते एवढ्यासाठीच की मिरची पोटाची जन्माची वैरीण नाही.

याचं कारण मला फार आवडतं, म्हणून थोडं लांबवते. मिरचीतल्या झोंबणाऱ्या द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. ते बियांत असतं असं सगळे समजतात, पण असतं ते बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. आई, तुला आमटीत मिरचीचा वास हवा आणि आग नको असेल तर मिरची उभी चिरून ती शीर सुरीच्या टोकानं खरवडून टाक. हे कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. तो रिसेप्टर डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये शोधून काढला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेलचा वाटा मिळाला. त्याचं मूळ काम म्हणजे सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता लागली की मेंदूला ‘भाजतंय’ म्हणून कळवणं. मिरची खाल्ली की तो फसतो आणि तेच कळवतो. म्हणून घाम येतो, नाक वाहतं, आणि भाजलेलं मात्र काहीच नसतं. पक्ष्यांचा हा रिसेप्टर कॅप्सेसिनला दाद देत नाही. परसातल्या लवंगीवर बुलबुल येऊन खुशाल ताव मारतो आणि बाबांना त्याचा हेवा वाटतो, तो त्यामुळेच.

आता कामाचा भाग. सारखं सारखं कॅप्सेसिन लागलं की ते मज्जातंतू दमतात आणि वेदनेची खबरही कमी पाठवू लागतात. यावरून वेदनेची मलमं तयार झाली. नागीण होऊन गेल्यावर जी आग मागे राहते, तिच्यासाठी डॉक्टर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात. गुडघेदुखीसाठी साधं क्रीम मिळतं, त्यात कॅप्सेसिन एक टक्क्यापेक्षाही खूप कमी असतं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी या क्रीमला सशर्त होकार दिला. हाताच्या बोटांसाठी मात्र नको म्हटलं, कारण तेच बोट डोळ्याला लागतं. मिरचीच्या औषधी गुणांपैकी मला सगळ्यांत पटलेला हाच, आणि तो तोंडावाटे घ्यायचाच नाही.

आई, डॉक्टरांना विचारून ते क्रीम सुरू कर. मटारच्या दाण्याएवढं घ्यायचं, दिवसातून तीन-चार वेळा पातळ लावायचं आणि पूर्ण जिरवायचं. पहिले काही दिवस आग होणार. तिथेच तू सोडून देशील, म्हणून आधीच बजावते: दोन आठवडे धीर धर, गुण त्यानंतर दिसतो. गरम पाण्यानं आंघोळ करायच्या आधी आणि लगेच नंतर लावायचं नाही, नाहीतर सगळं घर डोक्यावर घेशील. कातडीला जखम असेल तिथे नको. लावल्यावर साबणानं हात धुवायचे आणि मगच चष्म्याला हात लावायचा. आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेला लाल चटणी तेलात कालवून लावायचा उपाय कृपया करू नकोस. किती कॅप्सेसिन लागतंय याचा तिथे पत्ता नसतो, आणि कातडी भाजून निघते. क्रीमनं गुण आला तर गोळी कमी होईल, आणि गोळी कमी झाली तर तुझी आमटी तुला परत मिळेल.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. खरडा कसा करता ते मी अनेकदा पाहिलंय. हिरव्या मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसणाच्या पाकळ्या टाकायच्या, मिरचीचा खाट उठला की आईनं खोकत खिडकी उघडायची, आणि मग तुम्ही मूठ उघडून जाडं मीठ सोडायचं. मूठ म्हणतेय मी, चिमूट नाही. खरडा वरवंट्याखाली नीट खरडला जावा म्हणून जाडं मीठ लागतं, हे मान्य. पण तुमचं दुखणं मिरचीत नाही, त्या मिठात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या दिवसभराच्या पोटात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, म्हणजे साधारण सपाट लहान चमचाभर. खरड्यातलं मीठ, चटणीत कुटलेलं मीठ, त्या चटणीच्या आमटीत पुन्हा पडलेलं मीठ, लोणचं, पापड. चमचा सकाळीच संपला.

आणि इथेच मिरचीचा खरा उपयोग आहे. चीनमधल्या चोंगचिंग शहरातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे सहाशे लोकांचा अभ्यास छापला. तिखटाची आवड असलेले लोक मीठ कमी खात होते आणि त्यांचा वरचा बीपी सरासरीनं ८ नी कमी होता. मेंदूत मिठाची गोडी नोंदवणारे भाग तिखटानंही जागे होतात, म्हणून कमी मिठातही जेवण रुचकर लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे तिखट मिठाच्या जागी येतं. आपल्याकडे ते मिठाच्या जोडीनं येतं. तुमच्या खरड्यातलं मीठ निम्मं करा, लिंबू पिळा, लसूण वाढवा. मिरच्या तेवढ्याच ठेवा, माझी हरकत नाही.

एक अडचणीचा विषय आहे, तो पटकन सांगते. ‘त्या जागेचा’ त्रास उठतो तेव्हा मिरची थांबवायची. इटलीत मूळव्याधीच्या रुग्णांना मिरचीनं फरक पडला नाही, पण नागपुरात फिशरच्या, म्हणजे त्या जागी चीर पडलेल्या, रुग्णांवर झालेल्या चाचणीत मिरचीनं वेदना आणि आग वाढली. तुम्हाला फिशर आहे. कागदावर लिहिलंय, मी वाचलंय.

वजन उतरवणाऱ्या मिरचीच्या गोळ्या नकोत. मिरचीनं शरीर थोडी जास्त उष्णता खर्च करतं, पण तेवढ्यानं पोट सपाट होत नाही. घास जाळ लागला तर पाणी नाही, ताक प्या. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध-ताकातली प्रथिनं ते धरून ठेवतात.

राहिली यंदाची चटणी. बाजारात संकेश्वरी यायला लागली असेल आणि बाबांचा हात शिवशिवत असेल. यंदा बेडगी जास्त घ्या, संकेश्वरी कमी. रंग तोच राहील, जाळ उतरेल आणि एकाच चटणीत दोघांचं भागेल. स्वस्त मिळतेय म्हणून ओलसर, काळपट पडलेली मिरची घेऊ नका, तिच्यावरच्या बुरशीत यकृताला घातक विष तयार होतं. दोन कडक उन्हं देऊन, देठ काढून मगच डंकावर न्या. चटणीत मीठ न घालता कुटलं तर ओल्या लसणामुळे टिकणार नाही, हे आई म्हणेलच. म्हणून यंदा कांदा-लसूण न घालता नुसती कोरडी कुटून आणा, लसूण दर आठवड्याला ताजा ठेचून मिसळा. डंकवाल्याला पटणार नाही, पण चटणी आपण खायची आहे.

आईनं त्या गोळीच्या पाकिटाचा फोटो उद्याच पाठवावा, मी इथल्या डॉक्टरांना दाखवते. फोटो आईनंच काढावा. मागच्या वेळी बाबांनी काढलेल्या फोटोत त्यांचा अंगठाच फार स्पष्ट आला होता.

तुमची लेक