हात न बघताच पोरीला कच्ची ठरवलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शिक्षण पुरवणीतला 'एनॅक्टिव्हिझम'वरचा, म्हणजे जाणणं हे जिवाच्या परिसरातल्या कृतीतूनच घडतं या विचारावरचा, लेख दोनदा वाचला. 'हे म्हणजे आपलं कृतियुक्त शिक्षणच' असं म्हणून लेखकानं शेवटी शाळांनी गणितपेट्या घ्याव्यात, अशी शिफारस केली आहे. ती वाचून मला राहवलं नाही. मणी, काड्या, ठोकळे मी वर्गात वर्षानुवर्षं वापरले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण हा विचार ज्यांच्या कामातून पुढे आला, त्या उंबेर्तो मातुराना आणि फ्रान्सिस्को व्हरेला या चिलीच्या जीवशास्त्रज्ञांचं म्हणणं निराळं होतं. बाहेरची गोष्ट जिवाला नुसती चाळवते, पुढे काय होणार ते त्या जिवाच्या आजवरच्या घडणीवर ठरतं, असं ते सांगत. शिवाय, जे काही सांगितलं जातं ते कुणीतरी पाहणाराच सांगत असतो, हेही मातुरानांचंच. लेखात हा पाहणारा कुठंच नाही.

माझा अनुभव सांगते. तासगाव तालुक्यातल्या शाळेत चौथीचा वर्ग होता. एका पेटीत ४ किलो द्राक्षं, तर २३ पेट्यांत किती? मुलं अडली तेव्हा मी सहज म्हणाले, "थप्पी लावून बघा." एका मुलीनं पाटी बाजूला ठेवली. तळहात पालथा करून मांडीवर दाबला, मग त्याच्यावर दुसरा, असं पाच वेळा. मग हात शेजारी सरकवून पुन्हा पाच. तिची आई हंगामात पॅकिंगला जायची, तिकडे पाच पेट्यांची थप्पी लावत. अशा चार थप्प्या झाल्यावर तिनं पाटीवर ८० लिहिलं, खाली १२ आणि त्याच्या खाली ९२. माझा तोच शब्द ऐकून शेजारच्या मुलानं मात्र २३ चार वेळा एकाखाली एक लिहून बेरीज केली.

त्या दिवशी एक अभ्यासक चित्रीकरणाला आले होते. कॅमेरा पाटीवर लावलेला होता. महिन्याभरानं प्रशिक्षणात तोच तुकडा दाखवला आणि शेरा वाचला, 'गुणाकाराची रीत येत नाही, पायऱ्या नाहीत.' मी उभी राहून म्हटलं, तिचे हात बघा, थप्प्या तिथं आहेत. उत्तर मिळालं, "बाई, ते नोंदीत नाही." मी 'थप्पी' म्हटलं होतं, तेही नोंदीत नव्हतं. शिकवणारी मी, चित्रीकरण करणारे ते, आम्ही दोघंही त्या घटनेत होतो. पण ठपका एकट्या पोरीवर आला. ती समोरच्या बाकावर बसून ऐकत असती तर तिला काय वाटलं असतं, हा विचार आजही माझा पाठ सोडत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला लॉरिंडा ब्राऊन आणि आल्फ कोल्स यांनी या विचाराला धरून काम केलं आहे. तिथं शिक्षक वर्गाच्या चित्रीकरणातला लहानसा तुकडा एकत्र बसून बघतात. आधी फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं एवढंच बोलायचं. बरंवाईट मागाहून. तोच तुकडा पुन्हा लावायचा, कारण दोघांना दोन गोष्टी दिसलेल्या असतात. याला गणितपेटी लागत नाही, पैसे लागत नाहीत. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास असं बसता आलं असतं, तर तिचे हात कुणाला तरी दिसले असते. कॅमेरा तरी थोडा वर उचलला गेला असता. लेखकांनी पेट्यांवर जी जागा घालवली, ती यासाठी द्यायला हवी होती.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावरच्या कोड्यात ३/४ हा अपूर्णांक ३४ असा छापला आहे. माझ्या नातवानं सकाळचा तासभर त्या कोड्याशी झटापट केली आणि शेवटी 'मला गणित येत नाही' म्हणून वही मिटली. दुरुस्ती त्याच पानावर, ठळक छापा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली