झाडांवरच्या नोटिशीबद्दल: हरकत लेखी द्या, ग्रुपवर नको

रस्तारुंदीसाठी झाडांवर महापालिकेची नोटीस लागली आहे. कालपासून ग्रुपवर संतापाचे दोनशे मेसेज आले. त्यातला एकही हरकत म्हणून धरला जात नाही. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याखालच्या अशा नोटिशीवर हरकतीला मुदत थोडीच असते; किती ते नोटिशीवर बघा.

नोटिशीचा फोटो तारीख आणि झाडाचा क्रमांक वाचता येईल असा काढा. नोटीस फाडू नका, तोच आपला पुरावा आहे.

पत्र वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे, दोन प्रतींत. 'सर्व झाडे वाचवा' एवढंच लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीला सुतळीने मोजलेला घेर आणि कारण लिहा. जात नीट बघा: पिवळ्या फुलांचा तो सोनमोहर, गुलमोहर नव्हे. कोपऱ्यावरचा वड पन्नास वर्षांपुढचा असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार तो 'हेरिटेज वृक्ष' ठरतो. वयाचा आधार म्हणून जुने फोटो जोडा.

एका पत्राखाली पन्नास सह्या घेण्यापेक्षा घरटी वेगळं पत्र द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रुंदीकरण हवं असणाऱ्यांनीही आपलं म्हणणं लेखीच द्यावं. इथे भांडून कुणाचंच काम होणार नाही.