मशिन्स कंटेनरमध्ये घातली की कारखाना होत नाही

महोदय,

कालच्या अंकातला मेक्सिकोत कारखाना काढण्यावरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. उत्साह चांगला आहे, आणि उत्साहावर अजून कुठल्याच देशाने आयात शुल्क लावलेले नाही. पण त्यात एक वाक्य आहे: इथली जुनी मशिन्स तिकडे नेली की भांडवली खर्च निम्म्यावर येतो. हे वाचून भोसरी-चाकणचा एखादा मशीनशॉपवाला खरोखरच कंटेनर बुक करायचा, म्हणून हे पत्र.

आपली वीज ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडे कारखान्यात साधारण ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावला की भागले, असे लेखकमहाशयांना वाटत असावे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. चार पोलची मोटर इथे मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जरा खाली फिरते, तिथे १८०० च्या जरा खाली. सीएनसीच्या स्पिंडलला आणि सर्व्होला त्याचे सोयरसुतक नसते, कारण त्यांचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह आलेल्या एसीचा आधी डीसी करून घेतो. गोची होते ती किमतीच्या चर्चेत कोणी नावही न घेतलेल्या मोटरींची: कूलंट पंप, हायड्रॉलिक पॉवरपॅक, चिप कन्व्हेयर, चिलर, कॉम्प्रेसर, पॅनेलचा एसी.

सेंट्रिफ्यूगल पंपाचा भार वेगाच्या घनाने वाढतो. १.२ चा घन १.७३. इथे ८० टक्क्यांवर निवांत चालणारी मोटर तिथे १३८ टक्क्यांवर जाते आणि ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. मग कोणीतरी शहाणा स्क्रूड्रायव्हर घेऊन रिलेचे सेटिंग वाढवतो, आणि वाइंडिंग जळेपर्यंत सगळे खूश. गिअर पंप २० टक्के जास्त तेल फेकतो, दाब तोच, म्हणजे भारही २० टक्के जास्त. जास्तीचे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत टाकीत, आणि टाकी तापते. दुसऱ्या टोकाला, ४१५ ला ५० ने भागा, ८.३ येतात, ४४० ला ६० ने भागा, ७.३. मोटरचा फ्लक्स (चुंबकीय जोर) तेवढा कमी, आणि सुरू होतानाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पाचव्या हिश्श्याहून जास्त घटतो. ओल्या चिप्सनी गच्च भरलेला कन्व्हेयर मग सोमवारी सकाळी उचलतच नाही.

यावर उपाय आहेत, पण ते मशीन इथे असतानाच करायचे असतात. प्रत्येक मशीनच्या प्रत्येक मोटरच्या नेमप्लेटचा फोटो काढा. ज्यांवर ५०/६० दोन्ही छापले आहे त्या पहिल्या वेगळ्या करा. मात्र मोटर चालली म्हणून तिच्यापुढचा पंप चालेलच असे नाही. कूलंट पंपाचा इंपेलर लेथवर घेऊन व्यास साधारण ८३ टक्क्यांवर आणा, किंवा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह) लावून मोटर ५० वरच फिरवा. गिअर पंप एक साइज खालचा. कॉन्टॅक्टरच्या कॉइल, कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचे टॅप, पॅनेलचा एसी हे सगळे बघा. नवे मशीन घेताना हीच गोष्ट ऑर्डरमध्ये एका ओळीत लिहिली तर फरक किरकोळ पडतो. तिकडे शेडमध्ये उभे राहून, स्पॅनिशमध्ये, परक्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली तर त्या खर्चाची मशीनच्या उरलेल्या किमतीशी तुलना करायची वेळ येते. शिवाय कारखान्याची वायरिंग त्यांच्या नोम-००१-सेदे या नियमाप्रमाणे असल्याचा दाखला मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून घ्यावा लागतो. आपली तारांच्या रंगांची सवय आणि आपले पॅनेल तिथे पुरत नाही.

आता 'कंटेनरमध्ये घालून' या शब्दांविषयी. ४० फुटी हायक्यूब कंटेनरचे दार आत जायला सुमारे २.५८ मीटर उंच असते. बरीच व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मशिन्स) त्याहून उंच. म्हणजे वरची मोटर आणि कॉलम उतरवा, किंवा फ्लॅटरॅक (छत आणि बाजू नसलेला कंटेनर) घ्या आणि त्याचे भाडे बघून खुर्चीत बसा. पेटीचे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून शिक्का मारलेले हवे, नाहीतर पेटी बंदरातच अडकते. न्हावा शेव्यापासून मेक्सिकोच्या मान्सानियो बंदरापर्यंत दमट हवेत दीड महिना. गाइडवेला गंजरोधक तेल, व्हीसीआय (गंजरोधक) पिशवी आणि ओलावा शोषणारे डेसिकंट यांत कंजूषी केली की पहिला खर्च ग्राइंडिंगचा. मशीनची नंबर-प्लेट पडलेली असेल तर इथेच बनवून घ्या. त्यांच्या कस्टमच्या कागदावर सिरियल नंबर हवा असतो, आणि 'जुने आहे हो' हे उत्तर तिथे चालत नाही.

लेखात 'इम्मेक्स'खाली (निर्यातीसाठी माल तात्पुरता आयात करू देणारी मेक्सिकोची योजना) मशिन्स शुल्काशिवाय नेता येतात असे लिहिले आहे. मशिन्सपुरते हे सरसकट खरे नाही: ज्या मशीनवर आयात शुल्क आहे त्याचे ते इम्मेक्सखालीही भरावे लागते. शिवाय वर्षाला किमान ५ लाख डॉलरची किंवा एकूण विक्रीच्या १० टक्के निर्यात दाखवावी लागते, आणि तात्पुरत्या आयातीवर १६ टक्के व्हॅट रोख भरायचा नसेल तर वेगळे प्रमाणपत्र लागते. ते मिळेपर्यंत पैसे अडकतात. कच्च्या मालाचा किलो-किलोचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर सक्तीचे. ते नसले तर सवलत गेली.

'स्वस्त मजुरी'वर तर एक अख्खी चौकट आहे! २०१८ मध्ये मेक्सिकोचे सर्वसाधारण किमान वेतन दिवसाला ८८.३६ पेसो होते, २०२५ मध्ये २७८.८० झाले. अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात ४१९.८८. त्यावर २० डिसेंबरच्या आत किमान १५ दिवसांचा पगार बोनस म्हणून, पहिल्याच वर्षानंतर १२ दिवस भरपगारी रजा व तिच्यावर २५ टक्के भत्ता, घरबांधणी निधीला ५ टक्के, विमा वेगळा, राज्याचा पगारकर वेगळा. करपात्र नफ्यातले १० टक्के कामगारांत वाटायचे. नव्या कंपनीला पहिले वर्ष तेवढी सूट. कंत्राटी मजूर घेऊन पळवाट काढू म्हणाल तर २०२१ मध्ये तो दरवाजा बंद झाला. इथले सेटर (मशीन लावून देणारे कारागीर) नेऊ म्हणाल तर परदेशी माणसे एकूण कामगारांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. कामगाराला हे मिळते याबद्दल तक्रार नाही, मिळालेच पाहिजे. तक्रार चौकटीबद्दल आहे.

सगळ्यात मोठा खर्च मात्र लेखात औषधालाही नाही: वेळ. पार्ट तोच, ड्रॉइंग तेच, मशीनही तेच. पण जागा बदलली की ग्राहकाला पीपीएपी (पार्ट मंजूर करून घेण्याची ठरलेली प्रक्रिया) पुन्हा लागतो. किमान ३०० सलग पार्टची रन, मोजमाप, क्षमता अभ्यास, गेजचा अभ्यास, मग ग्राहकाची सही. आयएटीएफ या वाहनउद्योगाच्या गुणवत्ता-मानकाचे पूर्ण प्रमाणपत्र त्या जागेच्या १२ महिन्यांच्या कामगिरीची आकडेवारी असल्याशिवाय मिळत नाही. तोवर शेडचे भाडे डॉलरमध्ये सुरू, पगार सुरू, आणि ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून इथून तोच माल समुद्रमार्गे सुरू. म्हणजे दीड महिन्याचा माल बोटीवर, महिन्याभराचा तिकडच्या गोदामात, आणि बिलाचे पैसे ६० ते ९० दिवसांनी. ज्याने हे खेळते भांडवल बाजूला काढले नाही त्याची मशिन्स फुकट आली असली तरी उपयोग नाही.

आणि भाड्याच्या शेडची फरशी. १५ सेंटिमीटरची आरसीसी फरशी लहान व्हीएमसीला चालते. प्रेसला खड्डा आणि स्वतंत्र फाउंडेशन लागते. तो खड्डा जागामालक खोदू देतो, पण करार संपताना बुजवून फरशी पूर्ववत करून देण्याचे कलम बहुधा शेवटच्या पानांवर असते. वाचा.

पैसे परत आणण्याविषयी थोडक्यात. शंभर पेसो नफ्यातले १० कामगारांना, उरलेल्या ९० वर ३० टक्के आयकर, राहिले ६३, लाभांशावर भारत-मेक्सिको कर-करारानुसार १० टक्के, हाती ५६.७० पेसो. मग आपला आयकर, फक्त तिथे कापलेल्या ६.३० ची वजावट देऊन. (कामगारांच्या वाट्याला दर माणशी मर्यादा आहे, तिथे आकडा थोडा हलतो.) इकडे परदेशी गुंतवणुकीसाठी रिझर्व्ह बँकेचा फॉर्म एफसी, पैसे पाठवण्याआधी यूआयएन (गुंतवणुकीचा ओळख क्रमांक), आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल. तिकडच्या कर्जाला इथल्या कंपनीने दिलेली हमीसुद्धा नेटवर्थच्या ४०० टक्क्यांच्या मर्यादेत मोजली जाते, हे बँकेत गेल्यावर कळू नये.

जाता जाता. त्याच लेखाच्या तक्त्यात '१२ दशलक्ष डॉलर (१२ कोटी रुपये)' असे छापले आहे. १२ दशलक्ष म्हणजे १ कोटी २० लाख डॉलर, आणि त्याचे रुपये शंभर कोटींच्या वर जातात. तीन आठवड्यांपूर्वी बंदराच्या बातमीतही दशलक्ष आणि लाख असेच एकमेकांत मिसळले होते. 'दशलक्ष' हा शब्द आपल्या कार्यालयात कोणालाच झेपत नसेल तर सरळ लाख-कोटीत छापा. तक्ता तेवढा दुरुस्त करून पुन्हा द्यावा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात नको.

— एक वाचक, चिंचवड